‘गाझी’ पाणबुडीचा अंत : चित्रपट, वदंता आणि पुरावा

१

ज्यांचा जन्म मोडी दप्तरें चाळण्यांत गेला अशा वाचकांपुढें एका चित्रपटाचा व एका पाणबुडीचा विषय मांडावयाचा म्हणजे थोडें धाडसच होय. परंतु इतिहाससंशोधनाचें शास्त्र विषयाच्या जुनेपणावर उभें नाहीं. तें पुराव्याच्या परीक्षणावर उभें आहे. बखर साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या प्रसंगाची असो किंवा पन्नास वर्षांपूर्वींच्या प्रसंगाची असो, तिला विचारावयाचे प्रश्न तेच : लिहिणारा कोण, त्यानें स्वतः पाहिलें कीं दुसऱ्याकडून ऐकलें, प्रसंगानंतर किती काळानें लिहिलें, आणि असें लिहिण्यांत त्याचा हेतु कोणता.

हे प्रश्न आम्हांस एका घरगुती प्रसंगानें पुन्हां सुचले. आमच्या नातवानें एके दिवशीं ‘द गाझी अटॅक’ हा चित्रपट लावला होता. त्याच्याजवळ बसून आम्हीं तो शेवटपर्यंत पाहिला. चित्रपट संपतांच त्यानें विचारलें, “आजोबा, हे सगळं खरंच असं झालं?” आम्हीं जन्मभर शाळेंत मुलांच्या प्रश्नांस उत्तरें दिलीं, परंतु या प्रश्नास ‘होय’ म्हणवेना व ‘नाहीं’ही म्हणवेना. “बाळ, नौका बुडाली हें खरें, कशी बुडाली तें पाहूं,” एवढेंच बोलून आम्ही थांबलों. तें ‘पाहूं’ म्हणजेच प्रस्तुत निबंध होय.

१९७१ च्या त्या डिसेंबरांत आम्ही स्वतः शाळेंत शिकत होतों. खिडक्यांच्या कांचांना काळा कागद डकविलेला होता आणि रात्रीं रस्त्यावरचे दिवे बंद असत. शत्रूची पाणबुडी बुडाल्याची वार्ता ऐकून आम्हां मुलांनीं टाळ्या वाजविल्या होत्या. ही आठवण येथें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, परीक्षकानें स्वतःचा पक्षपातही पुराव्यांत जमा करावा. आमचा कल कोणीकडे झुकेल हें वाचकांस ठाऊक असलेलें बरें.

२

प्रथम चित्रपटाविषयीं. संकल्प रेड्डी यांनीं दिग्दर्शित केलेली ही कृति १७ फेब्रुवारी २०१७ रोजीं तेलुगु व हिंदी अशा दोन भाषांत प्रसिद्ध झाली. राणा दग्गुबाती, के के मेनन, तापसी पन्नू आणि आपल्या रंगभूमीस परिचित असलेले अतुल कुलकर्णी यांच्या तींत भूमिका आहेत. ओम पुरी हेही तींत दिसतात. मात्र ती पडद्यावर येण्यापूर्वींच, त्या वर्षाच्या जानेवारींत, ते निवर्तले. सर्वोत्कृष्ट तेलुगु चित्रपट म्हणून तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

कथानक थोडक्यांत असें : १९७१ सालीं युद्धाचे ढग जमले असतां पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणाकडे येते. तिचा माग काढण्यासाठीं ‘एस-२१’ नांवाची भारतीय पाणबुडी निघते. पाणसुरुंगानें ती जायबंदी होते, तिच्या अधिपतीचा अंत होतो, आणि उरलेले अधिकारी अपुऱ्या साधनांनिशीं शत्रूशीं झुंजून ‘गाझी’स जलसमाधि देतात. पोलादी नळीसारख्या जागेंत कोंडलेलीं माणसें, बाहेरून येणारा पाण्याचा दाब, आणि केवळ कानानें ओळखावयाचा शत्रु हीं सर्व चित्रपटांत चांगलीं साधलीं आहेत. कलाकृति म्हणून तिचा विचार करणें हें आमचें काम नव्हे, व तिच्या कर्त्यांस दोष देण्याचाही आमचा हेतु नाहीं. कथाकारास कल्पनेची मुभा आहे. प्रश्न येवढाच कीं, ती कल्पना उद्यां इतिहासाच्या आसनावर जाऊन बसेल काय?

या कथेच्या गाभ्यासच पुराव्याचा आधार नाहीं. ‘गाझी’शीं एखाद्या भारतीय पाणबुडीनें झुंज दिल्याचें भारतीय आरमारानें कधींही म्हटलेलें नाहीं. आरमाराचा दावा ‘राजपूत’ या पृष्ठभागावर चालणाऱ्या विनाशिकेच्या नांवें आहे. शिवाय ‘एस-२१’ हा क्रमांक खरोखरीच्या एका पाणबुडीचा, म्हणजे ‘करंज’चा, होता. ती १९७१ सालीं अरबी समुद्रांत होती, आणि तिचे अधिपति विजयसिंह शेखावत यांस त्या युद्धांतील कामगिरीबद्दल वीरचक्र मिळालें. हेच पुढें आरमाराचे प्रमुख झाले. म्हणजे पश्चिम समुद्रांतील नौकेचा क्रमांक पूर्व समुद्रांतील कल्पित नौकेस चिकटला. जुन्या बखरींत एका सरदाराचा पराक्रम दुसऱ्याच्या नांवावर कसा चढतो हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

३

आतां मूळ नौकेची हकीकत. ‘गाझी’ ही जन्मानें अमेरिकन. अमेरिकेच्या आरमारासाठीं पोर्टस्मथ येथील गोदींत बांधलेली ‘डायाब्लो’ नांवाची ही ‘टेंच’ वर्गाची पाणबुडी १ डिसेंबर १९४४ रोजीं पाण्यांत सोडण्यांत आली आणि ३१ मार्च १९४५ रोजीं कामावर रुजू झाली. त्या ऑगस्टांत ती पहिल्या युद्धफेरीवर निघाली तों जपानचें युद्धच संपलें. पुढें १९६४ सालीं अमेरिकेनें ती पाकिस्तानास दिली. दक्षिण आशियांतील कोणत्याही आरमाराची ही पहिली पाणबुडी होय. भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ही त्यानंतर तीन वर्षांनीं, डिसेंबर १९६७ मध्यें, रुजू झाली.

पाण्याच्या पृष्ठभागावर असतां ती डिझेलच्या यंत्रावर चाले. पाण्याखालीं विजेच्या बॅटऱ्यांवर. त्या बॅटऱ्या भरतांना हायड्रोजन वायु निघतो आणि तो कोंडला तर स्फोटाचें भय असतें. ही गोष्ट पुढील विवेचनांत लक्षांत ठेवावी. नौकेस पुढें सहा व मागें चार अशा दहा पाणतीर सोडण्याच्या नळ्या होत्या, आणि त्यांतूनच पाणसुरुंगही पेरतां येत. १९६५ च्या युद्धांत ती मुंबईच्या बाहेर टेहळणीस होती. पुढें तिची मोठी दुरुस्ती तुर्कस्थानांत झाली. तेव्हां सुवेझचा कालवा बंद असल्यामुळें तिला आफ्रिकेस वळसा घालून जावें लागलें. बुडाली त्या रात्रीं तिचें वय सत्तावीस वर्षांचें होतें.

१९७१ सालीं ‘विक्रांत’ ही भारताची एकुलती एक विमानवाहू नौका पूर्व समुद्रांत गेली. तिच्या एका बाष्पपात्रास तडा गेलेला असल्यामुळें तिचा वेग मर्यादित होता. पाकिस्तानच्या आरमारांत एवढा लांबचा पल्ला गांठून बंगालच्या उपसागरांत जाऊं शकेल अशी नौका ‘गाझी’वांचून दुसरी नव्हती. कमांडर जफर मुहंमद खान यांच्या हाताखालीं ती १४ नोव्हेंबर १९७१ रोजीं कराचीहून निघाली. ‘विक्रांत’चा शोध घेणें आणि पूर्व किनाऱ्यावर पाणसुरुंग पेरणें हीं तिचीं दोन कामें होतीं. तिजवर नव्वदाहून अधिक माणसें होतीं. त्यांतील एकही परतला नाहीं.

४

ज्या गोष्टींविषयीं दोन्ही पक्षांत वाद नाहीं त्या प्रथम वेगळ्या काढूं. ‘गाझी’ विशाखापट्टणाच्या बंदराबाहेर बुडाली. तिचे अवशेष तेथेंच समुद्रतळावर आहेत. पाणबुड्यांनीं, म्हणजे बुडी मारणाऱ्या माणसांनीं, ते हातांनीं चाचपले आहेत. नौकेच्या पुढील भागांत मोठा स्फोट झाला होता. ज्या ‘विक्रांत’च्या शोधार्थ ती आली ती त्या वेळीं तेथें नव्हती, ती अंदमानाकडे नेऊन ठेवलेली होती.

भारतीय पक्षाचें म्हणणें व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन् यांच्या ग्रंथांत विस्तारानें आलें आहे. हे पूर्व विभागाचे मुख्य अधिकारी होते, आणि ‘विक्रांत’ विशाखापट्टणासच आहे असा आभास शत्रूस व्हावा म्हणून त्यांनीं बिनतारी संदेशांची एक युक्ति रचली होती. ३ डिसेंबर रोजीं सायंकाळीं पश्चिमेकडे युद्धास तोंड लागलें. मध्यरात्रीच्या सुमारास लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हाताखालील ‘राजपूत’ बंदराबाहेर पडली. पाण्यांत कांहीं खळबळ दिसल्यावरून तिनें ठराविक खोलीवर फुटणारे दोन बॉम्ब टाकले आणि ती पुढें निघून गेली. त्यानंतर कांहीं मिनिटांनीं मोठा स्फोट झाला व किनाऱ्यावरील घरांचीं तावदानें हादरलीं. दुसऱ्या दिवशीं कोळ्यांस तेलाचा तवंग व तरंगणाऱ्या वस्तु दिसल्या. पुढें नौकेंतून काढलेल्या एका घड्याळाचे कांटे त्या स्फोटाच्याच वेळेवर थांबलेले आढळले, असें भारतीय नौदली लेखकांनीं नोंदविलें आहे. सरकारनें ही वार्ता ९ डिसेंबर रोजीं जाहीर केली.

पाकिस्तानी पक्षाचें म्हणणें असें कीं, नौका शत्रूच्या हातून बुडाली नाहीं. ती स्वतः पेरलेल्या सुरुंगावर गेली, किंवा तिच्या पोटांतच स्फोट झाला. भारतीय लेखकांतही एकवाक्यता नाहीं. बॅटऱ्यांतील हायड्रोजनाचा स्फोट झाला असावा अशी शंका कांहींनीं घेतली आहे. आणि १९७१ सालीं भूसेनेच्या पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ असलेले लेफ्टनंट जनरल जेकब यांनीं २०१० सालीं असें लिहिलें कीं, ‘गाझी’ अपघातानेंच गेली आणि तीही युद्ध सुरू होण्याआधीं एकदोन दिवस. तिचे अवशेष सांपडल्याचें कृष्णन् यांनीं आपणांस ३ डिसेंबरच्या सकाळीं कळविलें होतें.

५

आतां या साक्षींची तोलणी करूं. नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान व शब्द हीं प्रमाणें सांगितलीं. येथें प्रत्यक्ष पाहणारा कोणीच नाहीं : नौकेंतील सर्व मेले, आणि ‘राजपूत’वरील माणसांनीं स्फोट ऐकला, नौका पाहिली नाहीं. म्हणजे उरलें अनुमान, आणि उरला शब्द.

शब्दप्रमाणास वक्ता आप्त असावा लागतो. कृष्णन् हे युक्तीचे रचनाकारच असल्यामुळें तिच्या यशांत त्यांचा वांटा आहे. पाकिस्तानी लेखकांस शत्रूचें श्रेय नाकारण्यांत समाधान आहे. जेकब यांनीं जवळजवळ चाळीस वर्षांनीं स्मरणावरून लिहिलें, व भूसेना आणि आरमार यांची श्रेयाविषयींची चढाओढ सर्वश्रुत आहे. तिघांसही आम्ही खोटे म्हणत नाहीं. तिघेही हितसंबंधी साक्षीदार आहेत, इतकेंच म्हणतों.

अनुमानाकडे वळल्यास भारतीय दाव्याची मुख्य भिस्त दोन घटनांच्या जवळीकीवर आहे : आधीं बॉम्ब पडले, मागाहून स्फोट झाला. परंतु कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें होत नाहीं. यालाच आपले शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणतात. बॉम्ब फुटणें आणि मोठा स्फोट होणें यांत मिनिटांचें अंतर असेल, तर तें अंतर कशानें भरून काढावयाचें? बॉम्बच्या भयानें नौका घाईनें खालीं गेली, तळावर आदळली किंवा आपल्याच सुरुंगास भिडली, असा दुवा कांहींजण सुचवितात. तो असंभाव्य नाहीं. पण सुचविलेला दुवा आणि सांपडलेला दुवा यांत फरक आहे.

उलट पक्षीं, निव्वळ अपघात मानावयाचा तर त्यासही अडचण आहे. थांबलेल्या घड्याळाची नोंद विश्वसनीय धरल्यास जेकब यांनीं दिलेला काळ टिकत नाहीं. आणि त्याच रात्रीं, त्याच पाण्यांत, त्याच घटकेस ‘राजपूत’चा मारा व नौकेचा अपघात यांचा मेळ केवळ योगायोगानें बसला असें म्हणावें लागतें. योगायोग घडतच नाहींत असें नाहीं. पण ते गृहीत धरून चालूं नये. पुढील भागांतच स्फोट झाला ही गोष्ट मात्र आंतील पाणतीर किंवा सुरुंग फुटल्याच्या पक्षास अधिक अनुकूल आहे, कारण हीं अस्त्रें बव्हंशीं तेथेंच असत. हा स्फोट बाहेरच्या धक्क्यानें झाला कीं आपोआप झाला, हाच काय तो निर्णयाचा मुद्दा. आमच्या मतें आज उपलब्ध असलेल्या साधनांवरून त्याचा निकाल लागत नाहीं.

पुरावा पुरा असला म्हणजे निकाल किती सहज लागतो याचें उदाहरण त्याच युद्धांत आहे. ज्या दिवशीं ‘गाझी’ची वार्ता जाहीर झाली त्याच ९ डिसेंबरच्या रात्रीं ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनें बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ माणसें गेलीं. येथें मारणारा परत गेला, बुडणाऱ्यांपैकीं कांहीं वांचले, आणि दोन्ही देशांचे वृत्तांत मुख्य गोष्टींत जुळतात. म्हणून ‘खुकरी’विषयीं शोक आहे, वाद नाहीं. ‘गाझी’विषयीं वाद उरला, कारण तिच्या बाजूनें बोलावयास कोणी उरलें नाहीं, आणि आपल्या बाजूनें बोलावयाचे ते कागदही उरले नाहींत.

६

हाच या लेखाचा खरा मुद्दा होय. १९७१ च्या युद्धासंबंधीं भूसेनेच्या पूर्व विभागाचे महत्त्वाचे कागद कलकत्त्यास नष्ट करण्यांत आले, आणि ‘गाझी’च्या चौकशीचे आरमाराकडील कागदही नष्ट झाले, असें २०१० सालीं वृत्तपत्रांनीं प्रसिद्ध केलें. शत्रूनें जाळले नाहींत, पुरांत वाहून गेले नाहींत. ज्यांनीं जपावयाचे त्यांच्याच कचेरींत गेले.

याच्या शेजारीं एक जुनें प्रकरण ठेवून पहावें. भारताच्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकीं एकीचें नांव ‘खांदेरी’ होतें. तें शिवछत्रपतींच्या, अलिबागजवळच्या त्या बेटावरून ठेवलें. १६७९ सालीं महाराजांनीं खांदेरी व्यापली तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं तिला वेढा दिला. त्या वर्षाच्या १८ ऑक्टोबरच्या लढाईंत इंग्रजांचें ‘डव्ह’ हें गलबत मराठ्यांच्या हातीं पडलें. हें आपण कशावरून सांगतों? आपल्या बखरींवरून नव्हे, इंग्रजांच्याच पत्रांवरून. हार झालेल्या पक्षानें आपली हार आपल्या दप्तरांत लिहून ठेवली व तें दप्तर जपलें. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें १९३१ सालीं असे इंग्रजी कागद छापले, तेणेंकरून तो संग्राम आज जवळजवळ दिवसावारीनें सांगतां येतो. साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या खांदेरीच्या पाण्यांत काय झालें तें आपणांस ठाऊक आहे, आणि आमच्या स्वतःच्या बालपणीं विशाखापट्टणाच्या पाण्यांत काय झालें तें ठाऊक नाहीं! विजयी पक्षानें आपल्या विजयाचे कागद गमवावे, यापरती विपरीत गोष्ट कोणती?

वस्तु तरी उरतात काय? ‘विक्रांत’ १९९७ सालीं निवृत्त झाली, कांहीं वर्षें मुंबईंत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४ सालीं मोडींत विकली गेली. ‘करंज’ची भगिनी ‘कुरसुरा’ मात्र २००२ पासून विशाखापट्टणाच्या किनाऱ्यावर संग्रहालयरूपानें आहे. २०२४ च्या आरंभीं ‘गाझी’चे अवशेष आरमारानें पुन्हां शोधून काढले आणि मृतांच्या सन्मानार्थ त्यांस हात लावला नाहीं, असें प्रसिद्ध झालें. तें योग्यच झालें. ती शत्रूची नौका असली तरी आतां ती स्मशानभूमि आहे.

सरकारच्या बाजूनें कांहीं सुधारणा झाल्या आहेत. १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक कागद बेकायदा नष्ट करणें दंडनीय ठरलें, आणि २०२१ च्या जूनमध्यें संरक्षण खात्यानें युद्धेतिहासाचीं साधनें जपण्याचें व साधारणतः पंचवीस वर्षांनीं तीं खुलीं करण्याचें धोरण जाहीर केलें. परंतु जें गेलें तें धोरणानें परत येत नाहीं. तें अंशतः भरून येईल तर खाजगी संग्रहांतूनच येईल, आणि येथें आमच्या वाचकांचें काम सुरू होतें.

कोंकणच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांतून माणसें आरमारांत गेलीं. त्यांचीं पत्रें, रोजनिश्या, नोकरीच्या वह्या, पाठीमागें नांवें लिहिलेलीं छायाचित्रें अद्यापि माळ्यावरच्या पेट्यांत असतील. आपण पेशव्यांच्या रोजकीर्दीचा एक तुकडा मिळावा म्हणून गांवोगांव हिंडतों. तीच चिकाटी येथें दाखवावी. पत्र मिळाल्यास त्याचें पाकीट फेंकूं नये, कारण पत्रांत तारीख नसली तरी टपालाच्या शिक्क्यावर असते. वृद्ध नाविकाची हकीकत लिहून घेतांना त्यानें स्वतः पाहिलेलें एका बाजूस व ऐकलेलें दुसऱ्या बाजूस लिहावें. कागद कोणाकडून, केव्हां, कोणत्या स्थितींत मिळाला याची नोंद त्याच दिवशीं करावी. आणि आपल्या मताविरुद्ध जाणारा कागद तर दुप्पट जपावा.

७

असो. नातवास दिलेलें उत्तर सांगून हा लेख पुरा करतों. आम्हीं त्याला एका कागदावर तीन रकाने आंखावयास सांगितले : निश्चित, संभाव्य, कल्पित. नौका, ठिकाण, माणसांचा मृत्यु हीं पहिल्या रकान्यांत गेलीं. ‘राजपूत’चे बॉम्ब, आपलाच सुरुंग, बॅटरींतील वायु हे सर्व दुसऱ्यांत. ‘एस-२१’ची झुंज तिसऱ्यांत. लिहून झाल्यावर त्यानें मधल्या रकान्यावर बोट ठेवून विचारलें, “मग हे पहिल्या रकान्यांत कधी जाणार?” आम्हीं सांगितलें, “कोणाच्या तरी घरीं एखादा कागद सांपडेल तेव्हां.” तो कागद ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं तो रद्दींत घालूं नये, एवढीच या लेखाची विनंति आहे.